अडीचशे रुपयांचा एक्स्टर्नल

एक साधा प्रश्न विचारते. रागावू नका. तुम्ही स्वतःच्या हाताने, पहिल्या रेझिस्टन्सपासून शेवटच्या वायरपर्यंत बांधलेली आणि अजून चालू असलेली एक तरी वस्तू तुमच्या रूमवर आहे का? ब्रेडबोर्डवर लावून, रीडिंग घेऊन परत उपसून ठेवलेलं सर्किट मोजायचं नाही. चौघांच्या ग्रुपमध्ये एकाने केलं आणि तिघांनी पीपीटी बनवली, तेही नाही. आणि दुकानातून आणलेल्या किटला फक्त बॅटरी जोडली असेल, तर ते तर मुळीच नाही!

आमच्या विंगमध्ये मी हा प्रश्न विचारत फिरले. आधी हशा झाला, मग शांतता. आणि आमच्या विंगमध्ये टॉपर्स कमी नाहीत हं! ओपअ‍ॅम्पची कॅरॅक्टरिस्टिक्स झोपेतून उठवून विचारली तरी क्रमाने सांगतील. पण आयसीचा एक नंबरचा पाय कुठला, हे बघायला मात्र मोबाइल काढावा लागतो.

यात विद्यार्थ्यांचाच दोष आहे असं मला वाटत नाही. प्रॅक्टिकलचे दोन तास, वीस जणांची बॅच, त्यात चालणारे सीआरओ मोजके. एक जण वायर लावतो, एक जण नॉब फिरवतो, बाकीचे ऑब्झर्व्हेशन टेबल ‘सेट’ करतात. ग्राफ कसा यायला हवा हे आधीच माहीत असतं, म्हणून रीडिंग ग्राफवरून काढली जातात! मिनी प्रोजेक्टची तर आणखी गंमत. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत पार्ट घ्यायला जा. एका दुकानात मी यादी पुढे केली तर काउंटरवरचे काका यादी न वाचताच म्हणाले, “मॅडम, प्रोजेक्ट ना? रेडीमेड घेऊन जा, रिपोर्टची पीडीएफ पण मिळेल.” त्यांचंही काय चुकलं? गिऱ्हाईक जे मागतं ते दुकानदार ठेवतो.

तर माझं म्हणणं असं, की डिग्री हातात पडायच्या आधी प्रत्येकाने एक तरी गोष्ट स्वतः बांधावी आणि ती हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर असावी. सबमिशनसाठी नाही, मार्कांसाठी नाही. स्वतःच्या कानांसाठी.

पण थांबा! लगेच गैरसमज नको. ‘आवाज भारी येईल’ म्हणून अ‍ॅम्प बांधा असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट आधी गणितच करून दाखवते. आपले नेहमीचे इयरफोन ३२ ओहमच्या आसपासचे असतात आणि १ मिलिवॉट दिला की साधारण १०० डेसिबल आवाज देतात. आता १ मिलिवॉटसाठी ३२ ओहमवर व्होल्टेज किती लागतं? पॉवर गुणिले रेझिस्टन्स, त्याचं वर्गमूळ. म्हणजे फक्त ०.१८ व्होल्ट. करंट साडेपाच मिलिअँपियरच्या आसपास. एवढं तर कुठलाही मोबाइल सहज देतो. २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचं भोक बुजवलं आणि बाकीच्या बऱ्याच कंपन्या हळूहळू त्याच वाटेने गेल्या. तरी टाइप-सीच्या टोकाला लावायचा जो बोटभर डोंगल मिळतो त्यातसुद्धा एक छोटा अ‍ॅम्प बसवलेला असतोच, आणि तो बऱ्यापैकी चांगला असतो. खरी गरज पडते ती २५०-३०० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला. तिथे त्याच १ मिलिवॉटला अर्धा व्होल्ट लागतो, आणि गाण्यात मध्येच मोठा आवाज आला तर त्याच्या कितीतरी पट. पण असे हेडफोन आपल्या हॉस्टेलमध्ये कितींकडे आहेत? मेसचं बिल भरताना जीव जातो इथे!

मग बांधायचा कशाला?

बांधायचा, कारण सेकंड इयरचं अर्धं पुस्तक या एका डबीत मावतं, आणि त्याची परीक्षा घेणारा एक्स्टर्नल चोवीस तास तुमच्याच डोक्याला चिकटलेला असतो. दोन्ही बाजूंना एकेक! कानांना रीडिंग ‘सेट’ करून दाखवता येत नाही. हम असेल तर ऐकू येतो, एक चॅनेल बंद असेल तर कळतं, नॉब फिरवताना खरखर झाली तर कळते. एलईडी ब्लिंकरमध्ये ही मजा नाही. तिथे लागला किंवा नाही लागला, विषय संपला. आणि रोबोट-बिबोटमध्ये एवढं काही एकत्र असतं, की बिघडलं नक्की कुठे हेच नवख्याला कळत नाही.

आता सर्किटकडे येऊ. अमेरिकेतल्या चू मॉय यांनी मांडलेलं एक सर्किट ‘सी-मॉय’ या नावाने प्रसिद्ध आहे. दोन दशकांहून जास्त काळ जगभरचे हौशी लोक ते पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवत आले आहेत. एक ड्युअल ओपअ‍ॅम्प, मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, ९ व्होल्टची बॅटरी. संपलं! मूळ सर्किटमध्ये एकाच बॅटरीचे दोन रेझिस्टन्स लावून दोन भाग करतात आणि मधला बिंदू ग्राउंड मानतात. यालाच व्हर्च्युअल ग्राउंड म्हणायचं. नवख्यांनी मात्र सरळ दोन बॅटऱ्या घ्याव्यात असं माझं मत. एकीचा प्लस वर, दुसरीचा मायनस खाली आणि दोघी जिथे जोडल्या तिथे खरंखुरं ग्राउंड. खर्च एका बॅटरीचा वाढतो, डोक्याचा ताप निम्मा होतो. शिवाय व्हर्च्युअल ग्राउंडवाला अ‍ॅम्प लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवून गाणंही त्याच लॅपटॉपमधून घेतलं, तर लॅपटॉपचं ग्राउंड तुमच्या त्या मधल्या बिंदूला जाऊन भिडतं आणि अर्धा सप्लाय शॉर्ट होतो. दोन बॅटऱ्यांमध्ये ही भानगडच नाही.

आयसी कुठला? लॅबमध्ये असतो म्हणून ७४१ घेऊ नका. १९६८ साली फेअरचाइल्डने तो बाजारात आणला आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीला त्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्याबद्दल नमस्कार. पण त्याचा स्ल्यू रेट फक्त ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. एलएम ३८६ पण नको. त्याचा कमीत कमी गेनच २०. म्हणजे संवेदनशील इयरफोनमध्ये गाण्याच्या मागे सतत ‘स्स्स’ ऐकत बसा. त्यापेक्षा एनई ५५३२ घ्या. एकाच आयसीत दोन ओपअ‍ॅम्प, म्हणजे डावा-उजवा दोन्ही कान एकात. स्ल्यू रेट ९. कित्येक मिक्सर आणि सीडी प्लेयरमध्ये हाच आयसी बसलेला असायचा, आणि आपल्याकडे तो अजूनही चहा-वडापावच्या किमतीत मिळतो.

जोडणी नॉन-इन्व्हर्टिंग. फीडबॅकला २.२ के आणि ग्राउंडला १ के. गेन म्हणजे एक अधिक २.२, बरोबर ३.२. मूळ सी-मॉयमध्ये तो ११ असतो, पण आजच्या मोबाइलला तेवढा लागत नाही. गेन वाढवला की नॉब जरासा हलवल्यावरच कान फुटतात आणि बाकीचा नॉब शोभेला! इनपुटला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि त्याच्यापुढे ग्राउंडला १० के. हा झाला आरसी हायपास, कटऑफ १६ हर्ट्झच्या आसपास. माणसाला ऐकू येतं २० पासून. म्हणजे गाणं आत, डीसी बाहेर.

इथेच एक गंमत सांगते. इनपुट बायस करंटची व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केलीय, दोन मार्कांना येते. ५५३२ चा हा करंट साधारण २०० नॅनोअँपियर. तो १० के मधून गेला की २ मिलिव्होल्ट, गुणिले ३.२ म्हणजे आउटपुटला ६-७ मिलिव्होल्ट डीसी. चालेल. पण मूळ सी-मॉयमध्ये इनपुटला १०० के असतो, कारण तिथे एफईटी इनपुटचे आयसी वापरतात. तोच १०० के आंधळेपणाने ५५३२ ला लावला, तर आउटपुटला ६४ मिलिव्होल्ट डीसी सतत तुमच्या इयरफोनमध्ये! आयसी बदलला की रेझिस्टन्स का बदलावा लागतो, हे कॉपी-पेस्ट करणाऱ्याला कधीच कळणार नाही. मल्टीमीटर घेऊन ते मिलिव्होल्ट स्वतः मोजले की ती दोन मार्कांची व्याख्या जन्मात विसरत नाही.

म्हणूनच एक नियम भिंतीवर लिहून ठेवा : इयरफोन लावायच्या आधी आउटपुटचं डीसी मोजायचं. दोन्ही चॅनेलचं. वीसेक मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर इयरफोन लावायचा नाही, आधी चूक शोधायची. आणि स्विच दोन पोलचा घ्या, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकदम चालू-बंद होतात. एकीचाच सप्लाय आला तर आउटपुट कुठेही जाऊन बसू शकतं. पहिली ट्रायल कायम सगळ्यात जुन्या, स्वस्त इयरफोनवर. मैत्रिणीच्या नव्या हेडफोनवर नव्हे!

आता सोल्डरिंग. माझी शाळा कॉन्व्हेंटची, मराठी तसं बेताचंच (ते एव्हाना कळलंच असेल!). मराठी मीडियमच्या मैत्रिणी कपॅसिटरला ‘धारित्र’ म्हणतात, दुकानातले काका ‘कंडेन्सर’ म्हणतात. सोल्डरिंगला ‘डाख देणे’ असा मस्त शब्द आहे, हे मला आजीकडून कळलं. आणि आजीनेच कल्हईवाल्याचं तंत्र सांगितलं. तो पितळेचं भांडं आधी भट्टीवर तापवतो, मग नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवतो, की ते चांदीसारखं पसरतं. अहो, आपलं सोल्डरिंग दुसरं काय आहे? ६०-४० च्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. नवसागराचं काम फ्लक्स करतो, तांब्यावरचा काळेपणा घालवतो. आणि मुख्य नियम तोच. तापवायचं भांडं, कथील नव्हे! आयर्नने पीसीबीचं तांबं आणि पार्टचा पाय दोन्ही एकदम तापवा, मग तार त्यांना लावा, आयर्नच्या टोकाला नको. जॉइंट चकचकीत आणि पसरट आला पाहिजे. थेंबासारखा गोळा बसला असेल तर तो ड्राय. तो हलला की आवाज जातो, दाबला की येतो, आणि मग रात्रभर सर्किट डायग्राम बघत बसा. शिसं आहे, तेव्हा मेसला जायच्या आधी हात साबणाने धुवा. खिडकी उघडी ठेवा.

अजून एक. आयसीच्या सप्लायच्या पायांपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर अगदी पायांना चिकटून लावायचे. डायग्राममध्ये ते कोपऱ्यात काढलेले असतात म्हणून बरेच जण गाळतात. मग आयसी स्वतःशीच गायला लागतो, तेही कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला. आयसी विनाकारण गरम लागला तर हा संशय घ्या आणि सीआरओवर बघा. सीआरओ नक्की कशासाठी असतो, ते मला वाटतं त्या दिवशी कळतं.

खर्च सांगते. आयसी, आयसी बेस, सहा रेझिस्टन्स, सहा कंडेन्सर, ड्युअल पॉट, दोन सॉकेट, स्विच, झीरो पीसीबी, बॅटरी क्लिपा आणि दोन साध्या बॅटऱ्या असं सगळं धरून ढोबळमानाने अडीचशे रुपये. डबी फुकट, कुठलीही प्लॅस्टिकची चालते. मल्टीमीटर, २५ वॉटचं आयर्न, तार आणि कटर यांना पाच-सहाशे वेगळे लागतील. पण ते एका रूमने मिळून घ्यायचे, जन्मभर पुरतात. बाहेर दोन वेळा पिझ्झा खाल्ला की एवढे जातातच.

यावर एक सीनियर म्हणाला, “एवढं करायचं तर चांगले पार्ट तरी घाल! हा कंडेन्सर कुठला, ती वायर कसली...” ऑडिओच्या जगात हा एक रोगच आहे. महाग म्हणजे गोड! २०११ साली एका इंजिनिअरने स्वतःचं नाव न सांगता ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचं पूर्ण डिझाइन लोकांना खुलं करून दिलं. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, आउटपुटला ४५५६ नावाचा साधा स्वस्त ओपअ‍ॅम्प. त्यांचं सांगणं एवढंच, की कौतुकाचे शब्द बाजूला ठेवा आणि मोजून दाखवा. मला तरी इंजिनिअर शब्दाचा अर्थ यापेक्षा वेगळा वाटत नाही. पैसे कमी असणं ही इथे अडचण नाहीच, उलट सोय आहे. महागडा पार्ट घ्यायला पैसे नसले की निदान डोकं वापरावं लागतं.

एक धोक्याची गोष्ट मात्र गंभीरपणे. दोन बॅटऱ्यांवरचा हा अ‍ॅम्प १० मिलिवॉटसुद्धा सहज देऊ शकतो. वरच्या हिशोबाने तो ११० डेसिबल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक आहे, आवाज वाढवला की वेळ झपाट्याने कमी करावा लागतो. तेव्हा नॉब शून्यावर ठेवूनच इयरफोन कानाला लावायचा. कान एकदाच मिळतात, आयसीसारखे बेसवर बसवलेले नसतात.

आता माझं खरं गाऱ्हाणं. हे सगळं करायचं कुठे?

हॉस्टेलच्या नियमात ‘हीटिंग अप्लायन्स’ बंद. कॉइल, केटल, इस्त्री आणि त्यातच सोल्डरिंग आयर्न. कॉइल हजार-दीड हजार वॉटचं, आयर्न पंचवीस वॉटचं. फ्यूज उडवण्याची त्याची ऐपतच नाही! पण मी रेक्टर मॅडमच्या बाजूनेही विचार करते. आयर्नचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं, आणि आमच्या खाटांवर गादी, जर्नल, ओढणी सगळं एकत्र पसरलेलं असतं. कोणी चालू आयर्न तसंच ठेवून मेसला गेली तर? भीती खोटी नाही. म्हणून रूममध्ये परवानगी द्या असं मी म्हणणारच नाही.

लॅबमध्ये करा म्हणावं, तर लॅब साडेपाचला बंद. कधी एखादे सर थांबले आणि लॅब उशिरापर्यंत उघडी राहिली, तरी मुलं थांबू शकतात, आम्हाला साडेआठच्या हजेरीला हॉस्टेलवर हजर राहावं लागतं. म्हणजे मिनी प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये आयर्न कोणाच्या हातात आणि रिपोर्टचं टायपिंग कोणाच्या वाट्याला, हे आवडीवरून ठरत नाही, हजेरीच्या वेळेवरून ठरतं! आणि मग कॅम्पसच्या वेळी विचारतात, ‘मुलींना हार्डवेअरमध्ये इंटरेस्ट नाही का?’

मागणी फार नाही. दोन्ही हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकेक टेबल द्या. वर जाड फरशी, एक स्विचबोर्ड, स्टँडसकट दोन आयर्न, एक मल्टीमीटर, जवळ खिडकी आणि भिंतीवर अग्निशामक. टेबल वापरणाऱ्याने वहीत नाव आणि वेळ लिहायची, उठताना प्लग काढून सही करायची. वही रेक्टर मॅडमनी कधीही तपासावी. तीन वेळा प्लग विसरणाऱ्याचं नाव कट. या टेबलाचा खर्च एका गॅदरिंगच्या फ्लेक्सपेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही. आणि डिपार्टमेंटच्या सर-मॅडमना एकच विनंती. सेकंड इयरच्या एखाद्या टर्मवर्कमध्ये रेडीमेड किटऐवजी हा अ‍ॅम्प चालवून बघा. प्रत्येकाने स्वतःचा आणायचा, स्वतःचे इयरफोन लावून दाखवायचा आणि आउटपुटचे मिलिव्होल्ट समोर मोजून दाखवायचे. ६४ आले तर का आले, एवढा एकच प्रश्न विचारा. कोणी बांधलाय आणि कोणी विकत आणलाय, ते दोन मिनिटांत कळेल.

बघा, पटतंय का. यादी हवी असेल तर लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावते. बुधवार पेठेतल्या काकांना मात्र सांगून ठेवलंय, “काका, यादी वाचायची सवय करा. आता बऱ्याच जणी येणार आहेत!”